फळी आमची, होडी नाही

"फळीचा रंग आणि होडीचा रंग एकच आहे की नाही, एवढंच सांगा, चाचा."

कासमचाचांनी आधी फळी पाहिली. मग टेबलावरची फूटभर लांबीची होडी पाहिली.

"एकच आहे."

"केसाचा तरी फरक आहे?"

"नाही."

"मग ती बाई 'आमची नाही' का म्हणाली?"

चाचांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली...

सुबोध खांबेट्याला या गप्प बसण्याचा फार राग यायचा. दोन वर्षं झाली तरी त्याला सवय झाली नव्हती. माणसाला उत्तर माहीत असेल तर त्यानं द्यावं, नसेल तर तसं सांगावं, असं त्याचं सरळ म्हणणं. चहा काय, नंतरही पिता येतो.

कासम सारंग एकतीस वर्षं खारबंदरच्या टेकडीवर दीपगृहात नोकरीला होते. समोरून जाणारी बोट बघायची आणि रिकाम्या वेळात तिची छोटी प्रतिकृती बनवायची, हा त्यांचा छंद. दीपगृहावर रिकामा वेळ म्हणजे जवळजवळ सगळाच वेळ. निवृत्त झाल्यावर ते टेकडीखालच्या एका लांबलचक शेडमध्ये येऊन राहिले. पूर्वी तिथे मासळीसाठी बर्फ साठवत. तिथे त्यांनी हवेचा कॉम्प्रेसर बसवला, रंग फवारायचे दोन एअरब्रश आणले, आणि लांबून लांबून लोक आपापल्या गलबतांचे फोटो घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले.

सुबोध आला तो मोटारींचे रंग बनवणाऱ्या कारखान्यातून. रंगाला रंग जुळवणं हेच त्याचं तिथलं काम होतं. दरवाजा एका गावात रंगलेला, बॉनेट दुसऱ्या गावात, तरी गाडी एकाच रंगाची दिसली पाहिजे. त्याच्याकडे तळहाताएवढं यंत्र होतं. रंगाला टेकवलं की आकडा दाखवायचं. दोन रंगांमधला फरक एकाच्या खाली असेल तर तो माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, हे तो भेटेल त्याला सांगायचा. खारबंदरच्या मासळीवाल्यांनाही त्यानं ते सांगितलं होतं.

अशा माणसाला चाचांनी पहिले चार महिने जुन्या वर्तमानपत्रांवर नुसतं पाणी फवारायला लावलं.

"फवारा होडीच्या अंगावर सुरू करायचा नाही," चाचा सांगायचे. "अंगावर थांबवायचाही नाही. आधी हवेत सुरू कर, होडीवरून जा, आणि पुढे हवेतच थांब."

सुबोध ते दोन दिवसांत शिकला. उरलेला काळ तो मनातल्या मनात धुसफुसत होता.

आणि आता कुठे चाचांनी एक होडी पूर्ण त्याच्या हवाली केली होती, तर ती अशी अंगाशी आली.

होडी होती जनार्दन पावसेची. म्हणजे त्याच्या वडलांची. 'हिरावती' तिचं नाव, लांबी चाळीस फूट. तिचा रंग वडील दरवर्षी स्वतः कालवायचे. धड हिरवा नाही, धड निळा नाही. दुसऱ्या कुणाच्या होडीला तो कधी जमला नाही. वडील गेले, होडी राहिली. नऊ वर्षं राहिली आणि मग कुजायला लागली. गेल्या साली जनार्दननं ती मोडायला काढली.

मोडली याबद्दल कुणी काही म्हणालं नसतं. पण मोडली ती आई आठ दिवस मुलीकडे मुंबईला गेली असताना. आईला ते बघवणार नाही, असं त्याला वाटलं. मनानं तो वाईट नाही, पण डोकं असं कधीकधी चालतं त्याचं. आई परत आली, सवयीनं किनाऱ्यावर गेली, तर वाळूत फक्त होडीच्या तळाचा चर होता.

"शेवटची बगू पण दिली नाय?" एवढं ती लेकाला म्हणाली.

त्याला आता अकरा महिने झाले होते. त्याची आई चांगुणाबाई त्याच्या ताटात वाढायची, त्याचे कपडे वाळत घालायची, पण बोलायची नाही. आणि आता तिनं शेजारणीला सांगितलं होतं की उद्या सकाळच्या एसटीनं ती मुंबईला जाणार. मुलीकडे. कायमची.

जनार्दननं होडीची एक फळी तेवढी ठेवली होती. दोन महिन्यांपूर्वी ती काखेत मारून तो शेडवर आला होता.

"हिच्यासारखी होडी करून द्या. बारकीशी. आय एकदा बगंल तरी."

"रंगात केसाचाही फरक पडणार नाही," सुबोध म्हणाला होता. "बघा तुम्ही. आई बोलेल."

पहिल्या वाक्याला चाचा खाली बघून एअरब्रशची सुई पुसत होते. दुसऱ्या वाक्याला त्यांनी मान वर केली होती.

आज सकाळी चांगुणाबाई आली. चाचांनीच तिला गळ घातली होती, म्हणून आली. सुबोधनं होडी टेबलावर, दिव्याखाली, मधोमध ठेवली होती. ती वाकली. बराच वेळ वाकून पाहिलं तिनं...

"ही आमची नाय."

सुबोधनं घाईघाईनं फळी पुढे केली. फळी होडीला लावून दाखवली. यंत्र टेकवून आकडाही दाखवला.

चांगुणाबाईनं फळीवरून हात फिरवला.

"फळी आमचीच हाय," ती म्हणाली. "होडी नाय."

आणि गेली. दारात उभ्या असलेल्या जनार्दनकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. एवढा थोरला गडी, मटकन खालीच बसला.

तो अजूनही तिथेच बसलेला होता, आणि चाचा चहा पीत होते.

"बोला ना, चाचा," सुबोध म्हणाला. "माझी चूक काय झाली?"

चाचांनी बशी खाली ठेवली.

"जनार्दन, ती फळी घे. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहा. फळी डोक्यावर धर."

"कशाला?"

"हात आहेत ना?"

जनार्दन उठला. चाचा पुढे म्हणाले, "आणि तुझी आई होडीची वाट बघत कुठे बसायची, ते याला सांग."

"मासळी सुकवायच्या काठ्यांपाशी. तिथं एक सपाट धोंडा हाय. त्याच्यावर."

"सुबोधराव, होडी उचल. चल."

चाचा 'राव' म्हणाले की सुबोध उलट काही विचारत नसे; त्यानं होडी उचलली.

माघाचं ऊन होतं. काठ्यांवर बोंबील टांगलेले होते. सुबोध धोंड्यावर होडी मांडीवर घेऊन बसला. मासळी उलटीपालटी करणाऱ्या बायकांना हसू आवरेना.

"खेळाय आलायस का रं, बाबू?" एकीनं विचारलं.

सुबोधचे कान तापले. चाचा शेजारी वाळूत उकिडवे बसले होते. त्यांनाही थोडं हसू आलं असावं.

लांब धक्क्याच्या टोकाला जनार्दननं फळी वर धरली.

"दिसते?"

"दिसते."

"कुठला रंग आहे?"

सुबोधनं तोंड उघडलं. आकडा त्याला पाठ होता. मग त्यानं तोंड मिटलं...

फळी लांब होती. मधे सगळं पाणी होतं, ऊन होतं, खारट हवा होती. फळीचा रंग मऊ दिसत होता, खूपदा धुतलेल्या लुगड्यासारखा. त्यात थोडं आभाळ मिसळलेलं होतं. त्यानं मांडीवरच्या होडीकडे पाहिलं. ती गडद होती. जड होती. त्या फळीची ती कुणीच लागत नव्हती.

त्यानं खिशातून यंत्र काढलं. पण ते कशाला टेकवायचं, हे त्याला कळेना.

"चाचा... म्हणजे माझा रंग चुकला?"

"एकच आहे म्हणालो ना सकाळी."

"मग?"

चाचांनी उठून जनार्दनला ये म्हणून हात केला. बिचाऱ्याचे दोन्ही हात भरून आले होते. फळी खाली घे म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

परत शेडमध्ये आल्यावर सुबोध कामाला लागला. आता त्याला घाई झाली होती. हिरावतीच्या रंगाची बाटली त्यानं हलवली, शेजारी पांढरा घेतला, चिमूटभर राखाडी घेतला.

"पांढरा किती घालू, चाचा?"

"ती किती लांब बसायची?"

"ते मोजलं मी. दोनशे तीस पावलं. पण पावलांचे थेंब कसे करायचे?"

चाचांनी टेबलावरची फळी उचलली आणि पालथी घातली. रंगाची बाजू खाली. मग ते दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले.

सुबोध पालथ्या फळीकडे बघत राहिला. जुळवायला आता समोर रंगच उरला नव्हता. दोन महिन्यांचं काम समोर होतं. पट्टीला पट्टी जोडून केलेला सांगाडा, वर अस्तराचा रंग, वर हिरावतीचा रंग, सगळं काचेसारखं गुळगुळीत. आता वरून चढवायचा तो रंगाचा हात जरा जास्त झाला की होडी खडू फासल्यासारखी दिसणार. पुन्हा सगळं करायला वेळ नव्हता. उद्या सकाळी एसटी होती. आणि "आई बोलेल" हे जनार्दननं मागितलेलं नव्हतं, आपणच देऊन बसलो, हे त्याला आता चांगलंच आठवत होतं.

त्यानं रंग कालवला. दुधाइतका पातळ केला. मग आणखी पातळ, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा. वाटीत ओतला, कॉम्प्रेसर लावला, एअरब्रश उचलला.

घाईतला हात आधी नेम धरतो आणि मग एअरब्रशचा चाप ओढतो. तसंच झालं. फवारा हवेत सुरू करायचा सोडून त्यानं थेट होडीवर सुरू केला. सुईच्या टोकाला सुकलेला एक थेंब सुटला आणि नाळेवर, होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, पांढुरका ओला डाग पडला.

"चाचा..."

त्यानं फडकं उचललं होतं.

"पुसू नकोस," चाचा पायरीवरूनच म्हणाले.

"डाग पडलाय."

"ओल्याला हात लावलास तर खालचाही निघेल. वाळू दे."

"वाळला तर तसाच राहील."

"तू कुठे पळून चाललायस का?"

सुबोधनं फडकं ठेवलं. तो जाऊन चाचांच्या शेजारी पायरीवर बसला. दोघंही समुद्राकडे बघत बसले. वारा कोरडा होता. दुपारी निघालेल्या होड्या बाहेर ठिपक्याएवढ्या दिसत होत्या.

बऱ्याच वेळानं चाचांनी विचारलं, "फवारा कुठून सुरू करायचा?"

"हवेतून," सुबोध पडल्या आवाजात म्हणाला. पाणी फवारण्याचे ते चार महिने त्याला आठवले.

"आणि होडी कुठून येते?"

सुबोधनं समोर पाहिलं... मग तो उठला.

या वेळी त्यानं एअरब्रशची सुई आधी पुसली. फवारा हवेत सुरू केला. दिसेल न दिसेल असा धुरळा उठला, होडीवरून सरकत गेला आणि पलीकडे हवेत थांबला. होडीवर काही झालं असं वाटेना. त्यानं वाळू दिलं. दुसरा हात दिला. प्रत्येक हातानंतर तो होडी शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीत नेऊन ठेवायचा, आणि दाराशी येऊन डोळे बारीक करून बघायचा. शेडमध्ये दोनशे तीस पावलं कुठून आणणार? होती तेवढी चालायचा.

पाचव्या हाताला नाळेवरचा डाग कुठे गेला ते कळलं नाही. सहाव्या हातानंतर तो दाराशी आला, वळला, आणि नुसता बघत राहिला. त्यानं एअरब्रश पुन्हा हातात घेतला नाही.

सवय मोठी वाईट. जाताजाता त्यानं यंत्र होडीला टेकवलंच. फरकाचा आकडा आला सात पूर्णांक चार. एवढ्या फरकाला कारखान्यात त्यानं गाडीभर माल परत धाडला असता. त्यानं यंत्र बंद करून खणात टाकलं आणि सुई धुवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई शेडवरून जाताना दिसली. पुढे ती, बोचकं घेऊन. मागे पाच पावलांवर जनार्दन, तिची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन. दोघांच्या मधे वारा तेवढा होता.

"चांगुणावहिनी," चाचांनी हाक मारली. "एसटीला अजून वेळ आहे. पाणी पिऊन जा."

"नको, कासमभाय."

"पाण्याला नको म्हणू नये."

ती पायरीवर टेकली. बोचकं शेजारी ठेवलं. सुबोधनं तांब्या दिला. होडी टेबलावर नव्हती. रात्री त्यानं ती खिडकीत ठेवली होती ती तिथेच होती. मागे उजेड, आणि त्यामागे पाणी. ती दाखवायला चाचांनी काही हालचाल केली नाही. सुबोधला राहवेना, पण चाचांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागचा हलला नाही.

चांगुणाबाईनं तांब्या तोंडाला लावला. पाणी पिता पिता तिची नजर आत गेली...

तांब्या तसाच राहिला.

बाहेर कावळे ओरडत होते.

मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि ती उठली. पदर कमरेला खोचला. वाकून डाव्या हाताशी काहीतरी उचलायला गेली. मासळीची पाटी तिथे असायची, तशी. हाताला बोचकं लागलं. तिनं बोचक्याकडे पाहिलं, जणू ते कुणा दुसऱ्याचंच होतं.

"जना," ती म्हणाली.

जनार्दनच्या खांद्यावरची पेटी खाली आली.

"काय, आय?"

"हिरावती आली बग."

जनार्दननं नुसती मान हलवली. अकरा महिने ज्या हाकेची वाट पाहिली ती आली, आणि गड्याला साधं 'हो' म्हणता आलं नाही.

सुबोधचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडला की माणूस गप्प बसत नाही.

"मावशी, जवळून बघा ना एकदा," तो म्हणाला. "आत या. डोलकाठीची दोरीसुद्धा केली आहे."

चांगुणाबाई हसली. किती दिवसांनी हसत होती कुणास ठाऊक.

"जवळून काय बगायचं, बाबा? लांबून दिसली का आमी उठायचो, पाट्या घ्यायचो. होडी लागल्यावर होडीकडं कोण बगतंय? माणसं मोजायची असतात."

असं म्हणून तिनं लेकाकडे पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश, जसं लांबून आलेल्या माणसाला बघतात.

"लय वाळलायस," ती म्हणाली.

"आय, एसटी..."

"ऱ्हाऊ दे ती एसटी. चूल इझवून आलेय मी. चल, पेटवायला पायजे."

जनार्दननं पेटी पुन्हा खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या हातानं बोचकं उचललं. या खेपेला ती पाच पावलं पुढे नव्हती. दोघं बरोबरच चालत होती, आणि चांगुणाबाई अकरा महिन्यांचं एकदमच बोलत होती. शेजारणीच्या बकरीपासून सुरुवात झाली होती. जनार्दन "हां, हां" म्हणत होता. एसटी फाट्यावर आली, थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. दोघांनी वळूनही पाहिलं नाही.

सुबोध दारात उभा राहून हसत होता. डोळे पुसत होता आणि हसत होता. आपण असं काही करू असं त्याला कारखान्यात असताना कधी वाटलं नसतं.

मग तो आत वळला आणि एकदम थबकला.

होडी खिडकीतच होती.

"चाचा, होडी इथेच राहिली. न्यायलाच विसरली ती." त्यानं धावत जाऊन होडी उचलली. "थांबा, मी देऊन येतो पळत. अजून चढावरच असतील."

चाचा बशीत चहा ओतत होते.

"माणसं किती दिसतात?"

सुबोध होडी हातात घेऊन दारात आला. वर चढाकडे पाहिलं.

"दोन."

"नीट मोज."

"दोनच आहेत, चाचा. दाराशी पोचली... आत गेली."

चाचांनी बशीवर फुंकर घातली.

"मग होडी लागली."